तुफानाची तार

मित्रांनो, पोलाद म्हणजे धीट, असं तुम्हाला कुणीतरी शिकवलं असेल. साफ खोटं आहे ते. मी एक जुनी पोलादी तार आहे, अंगठ्याएवढी जाड, सहा पेडांची, आणि मी पहिल्या नंबरची भित्री आहे. आत्तासुद्धा तुमच्याशी बोलताना माझ्या पेडापेडात थरथर चालली आहे. का, ते सांगते. पण क्रमाने सांगू द्या, नाहीतर घाबरून मधलंच आधी सांगून बसेन.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. भट्टीची धग आणि पेड पिळताना झालेली तगमग, एवढंच आठवतं. भान आलं ते फिजीत, लंबासाच्या उसाच्या मळ्यांत. तिथे ऊस उचलून गाड्यांत टाकणारी एक यारी होती आणि त्या यारीवर मी मोळ्या उचलायचे. यारी चालवायचा रामऔतार. आता सगळे त्याला आजा म्हणतात, पण तेव्हा त्याच्या मिशा काळ्याभोर होत्या. दर मोळीला मला एकच धास्ती. सुटली तर? खाली माणसं उभी असायची हो! एकदाही सुटली नाही. तरी भीती काही गेली नाही.

यारी मोडीत निघाली तेव्हा आजाने मला मागून घेतलं आणि सायकलला गुंडाळून घरी आणलं. घर नदीकाठी, खांबांवर उभारलेलं, लाकडी फळ्यांचं आणि पत्र्याच्या छपराचं. आमच्याकडे नोव्हेंबर लागला की तुफानांचे दिवस येतात. तेव्हा शहाणा माणूस छपरावरून तार टाकतो आणि दोन्हीकडे जमिनीत जखडतो. आजाने मला आढ्याला एक वळसा दिला. माझं एक टोक नदीच्या अंगाला, पुरलेल्या ओंडक्याला बांधलं. दुसरं रस्त्याच्या अंगाला, जमिनीत गाडलेल्या रुळाच्या तुकड्यातल्या कड्याला.

एका तुफानात शेजारच्या तोमासीचं अख्खं छप्पर उडून उसात जाऊन पडलं. तो बायकापोरांसकट भिजत आमच्याकडे आला. आमचा एक पत्राही हलला नाही. वारा पडल्यावर आजाने माझ्यावरून हात फिरवला आणि रुळाच्या कड्यात जास्वंदीचं फूल खोचलं. “हिने वाचवलं रे सगळ्यांना,” म्हणाला. मी कसली वाचवते? मी भीतीने गच्च आवळून बसले होते, एवढंच.

पुढे आजाचा मुलगा शिऊचरण याचं लग्न झालं आणि दयावती घरात आली. आल्या आठवड्यातच तिने माझ्यावर ओली चादर टाकली. शिऊचरण तडकला.

“ही तुफानाची तार आहे! तुझी कपडे वाळवायची दोरी नाही!”

“तुफान वर्षातून एकदा येतं,” दयावती चिमटे लावत म्हणाली. “धुणं रोज येतं.”

त्याने हात टेकले. तेव्हापासून रोज माझ्यावर सदरे, परकर आणि पुढे रोशनी झाल्यावर तिची लंगोटं. इतक्या वर्षांत मी सैल पडले होते. एक ओला सदरा टाकला की मी लवायचे आणि चादरीची कड चिखलात. “ढिली मेली!” ती मला म्हणायची. मला मुळीच राग यायचा नाही. ढिल्या तारेला भीती कमी असते.

आणि मग यंदाचा पूर आला.

पाणी खिडकीला लागलं. घरची चारही माणसं टेकडीवरच्या शाळेत जाऊन राहिली. इथे मी, घर आणि ते गढूळ पाणी. मित्रांनो, ते दिवस मला आठवायचे नाहीत. पाण्याने नदीकडच्या दोन खांबांखालची माती पोखरून नेली. माझं नदीकडचं टोक ओंडक्यासकट वाहून गेलं. घर करकरलं आणि नदीच्या बाजूला वीतभर कललं. त्याच क्षणी आढ्याचा वळसा माझ्या गळ्याशी आवळला आणि मी ताठ झाले. इतकी ताठ मी यारीवरही कधी नव्हते. आता पुऱ्या घराचा भार माझ्या एकटीवर होता. मी सुटले की घर नदीच्या अंगाला आडवं. हे मला कळत होतं आणि दुसऱ्या कुणालाच कळत नव्हतं.

पाणी ओसरल्यावर माणसं परतली. या घरात आता राहायचं नाही, हे सगळं उतरवायचं आणि फळ्या-पत्रे वर टेकडीवर तोमासीच्या नव्या घराशेजारी नेऊन तिथे उभं करायचं, असं ठरलं. निजायला शाळेत आणि दिवसभर इथे कामाला. पण घर उतरवायचं म्हणून पोटं थोडीच थांबतात? अंगणात तीन दगडांच्या चुलीवर कसावाचे कंद उकडत होते. धुणंभांडी नेहमीच्याच जागी, घराच्या नदीकडच्या बाजूला, सिमेंटच्या ओट्यावर. आजाही तिथेच, कललेल्या भिंतीच्या सावलीत बादली पालथी घालून बसला होता आणि उपसलेले वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ करत होता. त्याच्या पायाशी पत्र्याच्या टबात चार वर्षांची रोशनी नारळाची करवंटी तरंगवत होती.

माझा जीव अक्षरशः टांगणीला लागला होता. अरे, उठा तिथून! असं ओरडावंसं वाटत होतं. पण तारेला तोंड कुठे असतं?

“बाबूजी, इकडे येऊन बसा ना,” दयावती एकदा म्हणालीसुद्धा. “ते घर कललंय.”

“तीन आठवडे पडलं नाही, ते आज माझा मुहूर्त बघून पडणार होय?” आजा म्हणाला आणि पुढचा खिळा ठोकू लागला.

शिऊचरण छपरावर चढला. मी आढ्याच्या पत्र्यावरून गेलेली, त्यामुळे मी वाटेतच. दर वर्षी छपराची डागडुजी करताना आधी तारच सोडायची, ही या घराची रीत. आजानेच घालून दिलेली.

“आधी तार काढ, मग पत्रे!” आजा खालून ओरडला.

कड्याची पकड गंजून एकजीव झाली होती, म्हणून शिऊचरण खाली उतरला आणि हॅक्सॉ घेऊन आला. दयावतीने सकाळीच पुराचा चिखल धुऊन चार ब्लँकेटं माझ्यावर वाळत घातली होती. त्याने ती बाजूला सारली आणि छातीच्या उंचीवर माझ्या अंगाला पातं लावलं.

खर्र, खर्र, खर्र. मला दुखत नव्हतं हो, दुखण्याचं काही नाही. मला पलीकडून रोशनीचं हसणं ऐकू येत होतं. ती करवंटीशी काहीबाही बोलत होती. मी जेवढं आवळून धरता येईल तेवढं धरलं.

टण्ण! पहिला पेड तुटला. तो असा उसळला की शिऊचरणच्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत चिरत गेला.

“आई गं! मेलो!” त्याच्या हातातून हॅक्सॉ पडला.

इतक्या वर्षांत मी माझ्या माणसाला कधी ओरखडाही काढला नव्हता. लाज वाटली. पण खरं सांगते, त्याचं रक्त बघून मला बरं वाटलं, कारण करवत थांबली.

दयावती चुलीजवळून धावत आली. पदराने त्याचा हात गुंडाळता गुंडाळता ती एकाएकी थबकली आणि माझ्याकडे बघत राहिली.

“अहो, ही झुकत का नाही?”

“माझा हात फाटलाय आणि तुला तारेचं काय सुचतंय?”

“चार ओली ब्लँकेटं आहेत हिच्यावर. एक सदरा टाकला तरी ही मेली लवते. आज झुकत का नाही?”

“बरंच झालं की! तुझी ब्लँकेटं चिखलात लोळत नाहीत!”

“थट्टा नको हो. बाबूजी, जरा इकडे या. आधी इकडे या!”

आजा कुरकुरत, गुडघे धरत आला. हातातल्या खिळ्याने त्याने मला टिचकी मारली. मी किणकिणले. यारीवर मोळी अधांतरी असताना मी अशीच किणकिणायचे. ते कान म्हातारे झाले होते, पण तेच कान होते. आजाचं तोंड पांढरं पडलं. त्याची नजर माझ्यावरून आढ्यापर्यंत गेली, कललेल्या भिंतीपर्यंत गेली.

“भार आहे हिच्यावर,” तो पुटपुटला. “सगळं घर हिच्यावर आहे. आणि मीच म्हटलं, आधी तार काढ.” मग एकदम म्हणाला, “रोशनी कुठंय?”

दयावती धावली. घराला वळसा घालून, त्याच भिंतीखाली! मी पाच पेडांवर होते, मित्रांनो. त्यातल्या दुसऱ्या पेडातल्या बारीक तारा आतल्या आत एकेक तुटत होत्या. कुणाला ऐकू जात नव्हतं, मला जात होतं. एक. आणखी एक. ती वाकली. तिने पोरीला टबातून उचललं. पोरगी करवंटीसाठी हातपाय झाडत रडायला लागली. या, या, लवकर या गं! आणि त्या दोघी रस्त्याच्या बाजूला आल्या. रोशनी ठिबकत होती आणि दयावती तिला इतकी घट्ट धरून होती की पोरीला श्वास घेता येईना.

त्यानंतर नदीच्या बाजूला कुणी पाऊल टाकलं नाही. टबही तिथेच राहिला. तोमासीला बोलावणं गेलं. तो आला, कमरेवर हात ठेवून घराकडे बघितलं आणि म्हणाला, “वहिनी, तुमची ब्लँकेटं एवढी जड असतात होय? घर तोलून धरतात!” कुणी हसलं नाही.

दोन दिवस त्यांनी रस्त्याच्या बाजूने हलक्या हाताने काम केलं. फळ्या काढल्या, दारं काढली, हाताला येतील ते पत्रे काढले. आढ्याचा पत्रा माझ्याखाली तसाच ठेवला. ते दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. दुसरा पेड आत पुरता तुटला. बाहेरून काही दिसत नव्हतं.

शेवटी उरला सांगाडा. तुटल्यावर मी उसळू नये म्हणून माझ्यावर भिजवलेली पोती टाकली. तोमासीने सगळ्यांना माझ्यापासून लांब, उसाच्या कडेला उभं केलं. मग कड्याजवळ वाकून मला कापलं. घर कोसळायला एक श्वाससुद्धा लागला नाही. धूळ बसल्यावर ओटा दिसला. त्यावर तुळई आडवी पडली होती आणि तिच्याखाली टब पापडासारखा चपटा झाला होता.

दयावती मटकन खाली बसली आणि मोठ्याने रडू लागली. शिऊचरण बांधलेल्या हाताकडे बघत उभा राहिला. आजाने माझ्याकडे पाहिलं नाही, कुणाकडेच पाहिलं नाही.

आता मी टेकडीवर, नव्या घराच्या कोपऱ्यात गुंडाळून पडले आहे. सगळे माझं कौतुक करतात. यांगोना हे मुळांचं पेय प्यायला येणाऱ्या प्रत्येकाला शिऊचरण मला दाखवतो. “हिने माझी पोरगी वाचवली,” म्हणतो. माझ्या जखमेवर त्याने सायकलच्या ट्यूबची रबरी पट्टी घट्ट गुंडाळली आहे, वरून रंगही दिला आहे. काल तो हाताने माप घेत होता. “लांबी पुरते,” म्हणाला. “हिच्यासारखी तार मिळायची नाही. नोव्हेंबरच्या आत हीच टाकू छपरावर.”

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू नेहमी तुम्हाला विनवतात, की आम्हाला फेकू नका, आम्हाला जपा. मी उलटं विनवते आहे. मला फेका. रबराखाली माझा एक पेड कापलेला आहे, दुसरा आतून तुटलेला आहे आणि तिसऱ्याचा मला भरवसा नाही. मला बांधलं तर त्या छपराखाली ती पोरगी निजेल आणि सगळे निर्धास्त असतील, कारण वर मी आहे. याच गोष्टीची मला फार भीती वाटते. तुमच्यापैकी कुणी लंबासाकडे गेलात, तर नोव्हेंबरच्या आधी जा. ती रबरी पट्टी सोडून बघायला सांगा. शिऊचरणला सांगू नका, तो ऐकायचा नाही. दयावतीला सांगा.