शालूबाई माझ्यावर कधीच निजल्या नाहीत

मी एक जुनी बाज आहे. पाय बाभळीचे, विणकाम अंबाडीच्या दोरीचं. मित्रांनो, म्हातारी वस्तू गोड आठवणी सांगेल असं तुम्हाला वाटत असेल. माझ्याजवळ तक्रार आहे, आणि तीच मी सांगणार आहे.

पिंपळगाव राजाजवळच्या एका खेड्यात शेषराव नावाच्या शेतकऱ्याने मला घडवून घेतलं. त्यांची मुलगी शालूबाई प्लेगात विधवा होऊन माहेरी आली होती, तिच्यासाठी. लाकूड सुताराने तासलं. दोरी मात्र शेषरावांनी स्वतः वळली आणि स्वतःच विणली.

प्लेगाच्या साथीत गावाबाहेर आजाऱ्यांसाठी उभारलेल्या झोपड्यांत मिशनच्या एका नर्सने शालूबाईंच्या नवऱ्याची अखेरपर्यंत सेवा केली होती. सगळे सोयरे पळाले, मग ही परकी बाई का थांबली, हा प्रश्न शालूबाईंना सोडेना. त्या येशूची शिकवण ऐकू लागल्या आणि एक दिवस त्याच्या मागे जायचं त्यांनी ठरवलं. शेषरावांनी मुलीला घराचं दार बंद केलं, तेव्हा माझं विणकाम अजून अर्धंच होतं. मात्र थोड्याच दिवसांनी विणकाम पुरं करून तेच मला गाडीत घालून पिंपळगावला, तिने घेतलेल्या भाड्याच्या खोलीवर घेऊन आले.

"तुहा देव मोठा असन," ते म्हणाले, "पन पाठ टेकाले बाज तं लागतेच."

पाणीही न पिता ते परत गेले.

शालूबाईंनी मला पुसलं, वर धुतलेलं लुगडं अंथरलं. त्या आता टेकणार, तोच एक माणूस तापाने फणफणलेल्या बायकोला घेऊन दारात आला. तिच्या अंगाखाली जमीन ओली होती, म्हणाला. शालूबाईंनी लुगडं काढलं आणि मला त्याच्या डोक्यावर दिलं. स्वतः गोणपाटावर निजल्या.

मग हे असंच चालू राहिलं. आज या घरी, उद्या त्या घरी. आजारी, बाळंतिणी, जखमी, सगळ्यांना मी उचललं. लोक मला न्यायला घाईने येत, परत करायला मात्र विसरत. एका घरी तर माणूस बरा झाल्यावर माझ्यावर महिनाभर मिरच्या वाळवल्या. मी तुटक्या दोऱ्यांनी परत यायची, शालूबाई बोटं सोलून त्या आवळायच्या, आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कुणाच्या तरी डोक्यावर. त्या स्वतः मात्र गोणपाटावरच.

मला राग यायचा. शालूबाई आजाऱ्यांना सांगायच्या, येशूसाठी जो घर सोडतो त्याला तो शंभरपट देतो. मी वर बघायची तर छपरातून आभाळ दिसायचं. कुठे होतं ते शंभरपट?

सगळ्यात जास्त राग मंजुळाबाईंचा. त्या शेजारच्याच, चांगल्या खात्यापित्या घरच्या. धर्म सोडलेल्या बाईचा घडा त्यांनी विहिरीवर कधी टेकू दिला नाही. शालूबाई बारा वर्षं नाल्यावरून पाणी आणत होत्या.

मग मानमोडीची, त्या जीवघेण्या तापाची साथ आली. मंजुळाबाईंच्या घरातली माणसं एकामागून एक पडली. घरातल्या वापरातल्या बाजा पुरेनात, आणि त्या स्वतः ओसरीत भुईवर तापाने कण्हत होत्या. शालूबाई मला घेऊन तिथेच गेल्या. इतर कुणाकडेही ने, या घरी नको, असं मला ओरडावंसं वाटलं. आठ दिवस त्यांनी मंजुळाबाईंना पेज पाजली, कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या. मंजुळाबाई वाचल्या. आणि त्याच ओसरीत शालूबाई कोसळल्या.

आता तरी माझी पाळी, असं मला वाटलं. पण मंजुळाबाईंनी माझ्या ढिल्या दोऱ्यांकडे पाहिलं आणि मला भिंतीला टेकवून ठेवलं. आतून त्यांनी स्वतःची नवी बाज ओढत आणली, जिच्यावर त्या कुणाला बसूही देत नसत, तापातही स्वतः निजल्या नव्हत्या, आणि शालूबाईंना तिच्यावर निजवलं. गल्लीतल्या घराघरातून पेज आली, दूध आलं, गोधड्या आल्या. ज्यांनी मिरच्या वाळवल्या होत्या, तेही आले.

संध्याकाळी मंजुळाबाई शालूबाईंच्या पायाशी बसून म्हणाल्या, "म्या तुले साधा घडा टेकू देला नाही. आता शेवटाले तुह्या येशूच्या दारात आली, तं मले काय भेटन वं?"

शालूबाईंचा आवाज अगदी बारीक झाला होता. "जे मले, तेच तुले. त्याच्या हाताले कमी देनं येतच नाही."

मी भिंतीला टेकून ऐकत होते. बारा वर्षं राबले मी, आणि शेवटच्या दिवशी आलेल्या बाजेला तो मान. हा कुठला न्याय? शालूबाई मात्र हसत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या, त्या परक्या बाजेवर.

त्यानंतर मंजुळाबाईंनी मला आणि त्या नव्या बाजेला, दोघींनाही आजाऱ्यांसाठी ठेवलं, आणि स्वतः भुईवर निजू लागल्या. माझा राग थोडा उतरला आहे, सगळा नाही.

म्हणून मित्रांनो, दुसऱ्याची बाज नेलीत तर दोरी आवळून परत करा. आणि देणाऱ्याला एवढं तरी विचारा, की बाई, आज तू कुठे निजणार?