न टाकलेलं मीठ

फुसाएचा दहनविधी आटोपून मंडळी परत निघाली, तेव्हा रिवाजाप्रमाणे प्रत्येकाच्या हातात मिठाची एक चपटी पुडी ठेवण्यात आली. घराबाहेर थांबून ते चिमूट-चिमूट छातीवर, पाठीवर, पायांवर टाकायचं आणि मगच आत पाऊल घालायचं, म्हणजे तिथून मागे लागलेलं कुणी घरात शिरत नाही, हे जपानातल्या मात्सुए गावात कुणाला सांगावं लागत नाही. फुसाएची धाकटी बहीण चिझु दारात उभी राहून अंगावर मीठ टाकत होती, आणि टाकता टाकता फुसाएच्या नवऱ्यावर, तेत्सुझोवर, करवादत होती.

"दहनगृहात शेजारच्या दालनातल्या त्या मेलेल्या बाईच्या फोटोला कशाला नमस्कार करत बसलात, भावोजी? ओळखीची होती?"

"कुणीच आलं नव्हतं तिच्यासाठी. सगळ्या खुर्च्या रिकाम्या."

"म्हणून तुम्ही भरून काढणार होय! टाका मीठ. पाठीवर मी टाकू? अंग सुटलंय, हात पोचायचा नाही तुमचा."

"तू हो पुढे."

ती आत गेली तशी त्यानं पुडी न फोडताच कोटाच्या खिशात सारली. जिच्याबरोबर अख्खा संसार केला तिला दारातूनच माघारी धाडायचं, हे त्याच्याच्यानं होईना. कुणी मागे आलंच तर तीच येईल, आणि आली तर तिचं घर तिला उघडं असावं, एवढाच साधा विचार त्यानं केला.

चिझु आपल्या गावी परतली, आणि घरात तो एकटा उरला. संध्याकाळी पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून येऊन तो दारातल्या पायरीशी बूट काढून ठेवी, ते टाचा दाराकडे आणि चवडे घराकडे करून. फुसाए असताना ते मागाहून केव्हातरी फिरवले जात, सकाळी नुसते पाय घातले की निघता यावं म्हणून. आता कोण फिरवणार? पण एका सकाळी तो निघाला तर बूट दाराकडे तोंड करून ठेवलेले होते. तो तिथंच पायरीवर बसला आणि बायको गेल्यापासून पहिल्यांदा रडला, आणि ते रडणं दुःखाचं नव्हतं.

मग तो जेवताना हळू आवाजात बोलू लागला. कचेरीतल्या गमती सांगू लागला. न्हाणीघरातलं बसायचं स्टूल त्याच्या आधीच ओलं झालेलं असे, त्याचं त्याला काही वाटलं नाही. वरच्या फळीवरचे चहाचे पेले खालच्या फळीवर आले, तेव्हा मात्र तो जरा घुटमळला, कारण फुसाए चांगली उंच होती. शिवाय ती सरकती दारं कधी पुरती लावत नसे, बोटभर फट ठेवी, आणि आता ती दारं चौकटीला अगदी गच्च भिडलेली असत. पण माणूस गेल्यावर थोडंफार बदलत असेल, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

बहिणीचे किमोनो न्यायला चिझु एका दुपारी आली. आतल्या खोलीत समोरासमोर बसून चहा घेताना त्यानं तिला सगळं सांगितलं.

"बूट काय, कुणीही फिरवतं," ती हसली. "उद्या मांजरानं फिरवले तरी तुम्ही त्याला फुसाए म्हणाल."

निघताना मात्र ती पायरीशी थबकली. तिचे बूट दाराकडे तोंड करून ठेवलेले होते. शेजारी त्याचेही. चारही बुटांचे चवडे दोरी लावल्यासारखे एका रेषेत.

"तुम्ही फिरवलेत?"

"मी तुझ्यासमोरच होतो."

चिझु वाकून ती सरळ रेष न्याहाळू लागली. मग तिनं आवाज खाली आणला. "ताई कधी वाकायची नाही हो. पायानंच ढकलायची. आई किती ओरडायची तिला, वळण नाही म्हणून. तिनं फिरवलेले बूट कधी सरळ असायचे का, सांगा?"

तेत्सुझोनं मान खाली घातली. हे त्याला पहिल्या सकाळीच दिसलं होतं.

चिझुनं बूट दोन बोटांनी उचलले, बाहेर नेऊन घातले आणि त्यालाही बाहेर बोलावलं. "ती पुडी आणा. आत्ताच."

"आणि तीच असली तर?"

"भावोजी..."

"तीच असली, तर मी तिला आपल्या हातानं घालवीन. पुन्हा यायची नाही ती."

चिझुचे डोळे भरून आले. "माझ्यासमोर नका टाकू मग," ती म्हणाली. "पण टाका. मला शब्द द्या."

त्यानं शब्द दिला. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत तो पाहत राहिला. मग दारात येऊन त्यानं पुडी फोडली आणि सगळं मीठ तळहातावर ओतलं. ऊन कलतं होतं, पलीकडे कुणीतरी गाद्या झटकत होतं. त्यानं चिमूट उचलून छातीपाशी नेली.

"आलात?"

आवाज आतून आला होता. घरी परतणाऱ्याला घरचं माणूस विचारतं तसा. जरासा बिचकलेला, नव्या घरात आलेल्या सुनेसारखा, आणि फार मऊ. तो त्यानं जन्मात कधी ऐकला नव्हता.

रिकाम्या खुर्च्यांपुढचा तो फोटो त्याच्या डोळ्यांपुढे आला. मीठ त्याच्या बोटांतून खाली सांडत राहिलं. आत ती थांबली होती. उत्तर मिळेल की नाही, याची तिला खात्री नसावी.

"आलो," तेत्सुझो म्हणाला, आणि आत जाऊन त्यानं दार लावून घेतलं.