बूष्ट कुणाचा?

"अंबुजा, इकडं ये. आत नको, उंबऱ्याशी ये."

विशालाक्षीबाईंनी लोणच्याची बरणी दोन्ही हातांनी ओढत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आणली होती. अंबुजा पर्स खांद्याला अडकवून निघालीच होती. कडकोळची बस चुकली तर पुढची कधी येईल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नव्हते. पण सासूने आपण होऊन बरणीजवळ बोलावणे, हे ती या घरात आल्यापासून पहिल्यांदाच घडत होते. ती थांबली.

या घरात लोणच्याला हात लावायची तिला बंदी होती. कारण तिची नोकरी. कडकोळच्या एका लहानशा कारखान्यात अंबुजा बुरशी वाढवायची. चांगली बुरशी, ट्रायकोडर्मा नावाची, हिरवीगार. शेणखतात मुरवून आल्याच्या वाफ्यात घातली की कंद कुजवणाऱ्या बुरशीला ती खाऊन टाकते, आणि विषारी औषधाचा पंप पाठीला लावायची वेळ बहुधा येत नाही. शेतकरी पुन्हा पुन्हा येऊन पिशव्या न्यायचे. घरात मात्र तिची किंमत शून्य. कन्नडात बुरशीला बूष्टु म्हणतात, म्हणून विशालाक्षीबाई सुनेच्या कारखान्याला 'बूष्टाची फॅक्टरी' म्हणत, आणि म्हणताना नाकाला पदर लावत.

सुरुवातीला अंबुजाने सासूला समजावून पाहिले होते. "अत्ते, काट्यानं काटा काढतो ना, तसंच आहे हे."

"काढ की. तिकडं काढ. माझ्या बरणीत नको."

गंमत अशी, की फॅक्टरीतली मडी, म्हणजे सोवळे, घरातल्यापेक्षा कडक होती. कोपरापर्यंत हात धुवायचे, कपडे बदलायचे, बांगड्या उतरवायच्या, आणि बुरशीच्या नळीचे तोंड ज्योतीजवळ धरूनच उघडायचे. परका कण पडला की सगळे केलेले वाया. अशी मडी अग्रहारातल्या, ब्राह्मणांच्या आळीतल्या, कुठल्या सोवळ्या बाईने पाळली असेल? तरी बरणीत जरा काही बिघडले की बोट अंबुजाकडेच. वारा तिच्याकडून आला असेल, पदर लागला असेल. याचे तिला कधी हसू यायचे, कधी चक्क रडू.

"नोड, बघ," सासूबाईंनी झाकण काढले. "वर पांढरं आलंय काय? मला नीट दिसत नाही."

बाहेरच्या खोलीतून पद्मनाभ, अंबुजाचा नवरा, पेपराआडून म्हणाला, "आई, आता साकु, पुरे. डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन नको म्हणतेस. ओल्या हातानं घातली असशील कैरी. पुढच्या वर्षीपासून दुकानातलं पाकीट आणू. तू बरणीला हात लावायचा नाही."

"ओला हात? माझा?"

म्हातारीचा चेहरा उतरला. तिच्या हातच्या मिडीच्या, कोवळ्या बाळकैरीच्या, लोणच्यासाठी बेंगळुरूचे नातेवाईक डबे पाठवत. नवरा गेला, मुली लांब गेल्या, देवपूजेचे तास हळूहळू कमी झाले. उरली होती ती ही बरणी.

ती अंबुजाकडे वळली. "तू बोल ग. तू यातलं शिकलीस, अल्वा, हो ना? खरं सांग. हा बूष्ट तुझा, का माझा?"

अंबुजा उकिडवी बसली. वास घ्यायचीही गरज नव्हती. वर पांढरी, सुरकुतलेली साय आली होती. तिची बुरशी हिरवी, आणि एवढ्या मिठात ती तगलीच नसती. शिवाय गेल्या आठवड्यात तिने इथूनच पाहिले होते: सासूबाईंनी हात धुतला आणि न पुसता सरळ बरणीत घातला. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ती किती वर्षे वाट पाहत होती. उत्तर तर बसमध्ये बसून कितीदा घोकलेले.

म्हातारीने बरणी दोन्ही हातांनी कवटाळली होती.

"माझाच, अत्ते," अंबुजा म्हणाली. "गेल्या आठवड्यात एक दिवस घाईत फॅक्टरीच्या कपड्यांतच घरी आले होते. इथं टेकले होते थोडा वेळ."

पद्मनाभने पेपर खाली केला. फॅक्टरीचे कपडे फॅक्टरीतच राहतात, हे त्याला पक्के माहीत होते. अंबुजाने त्याच्याकडे नुसते पाहिले. त्याने पेपर पुन्हा वर धरला.

"मी म्हणत नव्हते?" विशालाक्षीबाईंच्या आवाजात जीव आला. "पद्मनाभा, ऐकलंस का? हात माझा नाही." मग जरा नरमून त्या म्हणाल्या, "असू दे ग. मुद्दाम केलं नाहीस. वरचं काढून टाकते, मिठाचं पाणी उकळून घालते. तू मात्र लांब राहा हं."

"राहते."

बस केव्हाच गेली होती. पाणी उकळून निवेपर्यंत अंबुजा उंबऱ्याबाहेर बसून राहिली. आज खोटे बोलून ती स्वतःच दोषी ठरली होती, आणि आता ते कधीच पुसले जाणार नव्हते.

"अत्ते, हात पुसलात?"

"पुसलाय ग. मला शिकवू नको." असे म्हणून त्यांनी पदराला हात पुन्हा पुसला.

बरणी भरून झाली. विशालाक्षीबाईंनी तोंडावर फडके घातले आणि बांधायला दोरा शोधू लागल्या. दोरा त्यांच्या डाव्या गुडघ्यापाशी होता. त्या उजवीकडे चाचपत होत्या. अंबुजाने उंबऱ्यावरून हात आत घातला आणि एका बोटाने तो हळूच त्यांच्या हाताखाली सरकवला.

"सापडला," सासूबाई म्हणाल्या आणि गाठ मारू लागल्या.