धुऱ्यावरची कुपाटी

वावराची मोजणी झाली, हद्द सात हात पलीकडे सरकली, त्या दिवशी प्रेमदास वडनेरच्या बाजारातून जिलेबी घेऊन आला. त्याच्या बायकोनं, कमलाबाईनं, ती पोरांना वाटली. स्वतः मात्र तुकडाही तोंडात घातला नाही.

प्रेमदासचं चार एकर वावर, आणि त्याला लागून रूपराव पाटलाचं तीस एकर. मधल्या धुऱ्यावर, सामाईक बांधावर, बाभळीच्या काट्यांची कुपाटी. रूपरावचा बाप होता तोवर दर उन्हाळ्यात अर्धी हे घालायचे, अर्धी ते. मग म्हातारा गेला, आणि त्याच साली प्रेमदासनं आणि कमलाबाईनं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले. पुढच्या उन्हाळ्यात रूपरावनं न विचारता एकट्यानंच नवी कुपाटी घातली. ती अशी घातली की प्रेमदासची विहीर पलीकडे गेली. प्रेमदास भांडला नाही. त्यानं अर्ज केला, वर्षभर हेलपाटे घातले, आणि सरकारी साखळी पडली तेव्हा हद्दीचा दगड कुपाटीच्या पलीकडे, पाटलाच्या तुरीच्या धसकटांत निघाला.

रूपराव शिव्या देत आला असता तर कमलाबाईला बरं वाटलं असतं. तो हसत आला. चार गडी घेऊन स्वतःच कुपाटी जागेवर घालायला लागला.

"तुमी काऊन हात लावता, प्रेमदासजी? चूक माही झाली, मीच घालून देतो."

आजवर त्यानं प्रेमदासला 'अबे'शिवाय हाक मारली नव्हती.

तीन दिवस काट्यांच्या गाड्या येत राहिल्या. कुपाटी छातीइतकी उंच झाली, आणि रुंद इतकी की मध्ये बैल आडवा मावावा. सगळा काटा गेल्या सालचा, कडकडीत वाळलेला. विहिरीजवळ प्रेमदासचा बैलांचा कोठा होता, शेजारी कडब्याची गंजी. तिथं तर काट्यांची टोकं कोठ्याच्या छपराला टेकली होती.

"गुरं थांबवाले एवढा काटा कोणी घालते काय?" कमलाबाई म्हणाली.

"घालू दे ना. हारला तो. लोकाइले दाखवून राह्यला."

"मले नाई वाटत. चैताचा महिना हाय. वारा तिकडूनच येते."

"तुले जितल्यावरही भेवच वाटते," प्रेमदास म्हणाला आणि विडी शिलगावून बाजेवर पडला.

दुसऱ्या दिवसापासून कडब्याच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन कमलाबाई गावातल्या घरी नेऊ लागली. ऊन चढायच्या आत सहा खेपा, उतरल्यावर सहा. मान आखडली, पायांना भेगा पडल्या. रूपराव आपल्या आंब्याखाली बसून बघायचा.

"कमलाबाई, कडबा काऊन नेता? वावरात काय भेव हाय?"

"घरी शेळ्या हायेत, पाटील. त्याइले लागते."

चौथ्या दिवशी तिनं नवऱ्याला न विचारता बैल सोडून आणले आणि घरापुढच्या लिंबाला बांधले. प्रेमदास संतापला. "लोक काय म्हणतीन? मोजणी जितला अन् घाबरून बैल घरी नेले!"

"म्हणू द्या."

पाचव्या दिवशी भर दुपारी शिवारात धूर दिसला. दोघं धावत पोचेपर्यंत कुपाटी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पेटली होती. काटे तडतडत होते. छपराला जाळ लागला, वासे कोसळले, गंजीचं उरलेलं बूड भडकलं. प्रेमदास कोठ्याकडे झेपावला. आत बैल नाहीत, हे त्या घाईत तो विसरलाच होता. कमलाबाईनं त्याच्या धोतराला धरून त्याला मागे ओढलं.

"बैल घरी हायेत! ऐकता काय? घरी हायेत!"

तेव्हा तो मागे फिरला.

तेवढ्यात रूपराव गड्यांसह बादल्या घेऊन आला. घाम नाही, धाप नाही. पहिलं त्यानं विचारलं, "बैल?"

"वाचले," कमलाबाई म्हणाली.

त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. "बरं झालं," तो म्हणाला. हातातली भरलेली बादली त्यानं आगीवर टाकली नाही, खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी दोघं ठाण्यावर गेली. जमादारानं विचारलं, "आग लावताना कोणाला पाहिलं?" कमलाबाईच्या जिभेवर नाव आलं होतं. पण तिनं पाहिलं नव्हतं, आणि खोटं बोलायचं नाही असं दोघांनी दीक्षेच्या दिवशी ठरवलं होतं. "नाई पाह्यलं," ती म्हणाली. कारण समजलं नाही, असं लिहून घेतलं गेलं.

परतताना वावरात आली, तर धुऱ्यावर काट्यांची नवी गाडी उभी. गडी राख बाजूला सारत होते.

"जय भीम, प्रेमदासजी," रूपरावनं हात जोडले. "तुमची कुपाटी जळाली ना. पुन्हा घालून देतो."

प्रेमदासच्या हातात काठी होती. मूठ आवळली गेली. कमलाबाईनं ती मूठ आपल्या हातात धरली, सोडवली. मग पदर खोचून ती पुढे गेली आणि गडी जिथं काटा टाकणार होते तिथंच, गरम राखेजवळ, बसली. क्षणभरानं प्रेमदासही तिच्या शेजारी जाऊन बसला.

"आमाले कुपाटी नाई पाहिजे, पाटील," ती म्हणाली. "हद्दीले दगड पुरते."

गडी थबकले. एकानं पाटलाकडे पाहिलं. रूपराव हसून गाडीवानाला म्हणाला, "बैल सोड रे. गाडी इथंच राहू दे. आपल्याले काई घाई नाई."

आणि तो आंब्याखाली जाऊन बसला.