कळपाचा आकडा

मेघा मॅडम पुण्याहून आल्या होत्या आणि त्यांच्याकडं वेळ कमी होता, हे त्यांनी खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं. जालना रोडवरच्या हॉटेलातली मीटिंगची खोली. एसी असा की सत्यमची बोटं गार पडलेली. सत्यम माझा भागीदार, मशिनरीचं सगळं डोकं त्याचं. मेंढपाळ जोडायचं काम माझं, कारण मी त्यांच्यातलीच. मेंढराच्या गळ्यात आमचा पट्टा बांधला की ताप चढायला लागताच मालकाच्या मोबाइलवर कळतं. एवढीच आमची कंपनी. या बाईंच्या फंडानं पैसे लावले नाहीत तर पुढच्या महिन्यात शटर खाली, आणि हे आमच्या घरी अजून कुणाला माहीत नव्हतं.

सुरुवात झकास झाली. सात मालक, चौदाशे मेंढरं, ही स्लाइड आली तशा मॅडम पुढं सरकल्या.

"सगळ्यात मोठा कळप कुणाचा?"

"केरबामामाचा. माझे सख्खे मामा. बिडकीनला असतात."

"लावा फोन. स्पीकरवर."

मला उलट बरंच वाटलं. मामा बोलायला लई वस्ताद. तापलेली मेंढी पट्ट्यामुळं कशी वेळेत कळली, डॉक्टरला कसा उचलून आणला, सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. मॅडम हसल्यासुद्धा. मग त्यांनी सहज विचारलं, "पट्टे किती मेंढरांना आहेत, काका?"

मी फोनकडं हात नेला, पण उशीर झाला होता.

"असतील की पाच-पंचवीस," मामा म्हणाले. "गरिबाची मेंढरं ती. कितीक असणार?"

आमच्यात परक्याला कळपाचा आकडा सांगत नसतात. नजर लागते, रोग शिरतो. सोयऱ्यानं विचारलं तरी निम्माच सांगायचा. जन्मापासून हे बघत आले, आणि नेमकं आजच माझं डोकं कुठं शेण खायला गेलं होतं, देव जाणे.

मॅडमनी फोन बंद करायची खूण केली. "सगळ्यात मोठा कळप पंचवीसचा. मग सात जणांचे चौदाशे कसे होतात?"

मी खरं कारण सांगितलं. ऐकताना माझं मलाच ते रचलेलं वाटत होतं. सत्यमनं घाईघाईनं लॅपटॉपवर मामाचं खातं उघडायला घेतलं. मी त्याच्या बोटांवरच झाकण दाबलं.

"प्रांजली, येडी झालीस का?" तो पुटपुटला.

मेंढरं बसतात त्या वाड्यावाड्यावर जाऊन मीच शब्द दिला होता की तुमचा आकडा तुमच्या मोबाइलबाहेर जाणार नाय. त्या शब्दावर तर पट्टे गळ्यात गेले होते.

"एकूण आकडा आमचा आहे, मॅडम," मी म्हणाले. "एकेकाचा ज्याचा त्याचा. तो मी नाय दाखवणार." आवाज चढला होता माझा. राग त्यांच्यावर नव्हता, स्वतःवरच होता.

मॅडमनी घड्याळात बघितलं. "नका दाखवू. मी मुक्काम वाढवते. उद्या सकाळी मला त्या कळपाजवळ न्या. मोजायचं नाही, नुसतं बघायचंय. पंचवीस आणि दोनशे यांतला फरक मला डोळ्यांनी कळतो. दिसला, तर पुढं बोलू."

बाकीच्या स्लाइड संपवून तासाभरानं निघालो. लिफ्टचं दार मिटलं आणि सत्यमनं माझा हात गच्च धरला. कळप तर रस्त्यानं जाणारा कुणीबी बघतो, त्यानं माझा शब्द मोडत नव्हता. वाचलो. पार्किंगमध्ये आलो तर मामाचा फोन.

"पोरी, ती बाई आकडा विचारायला लागली तसा मी सावध झालो बघ. अशी माणसं उद्या शहानिशा कराया येत्यात. तवा आपल्या गड्यासंगं, पुंडलिकासंगं, सगळी मेंढरं पैठणच्या अंगाला लावून दिली. वाड्यावर पाच-पंचवीसच ठिवलीत. आता कुणीबी येऊ दे, तुझा मामा खोटा ठरायचा नाय."

"पुंडलिकला फोन लावा. आत्ताच्या आत्ता माघारी फिरवा."

"त्याच्याकडं कुठला आलाय फोन? कुठल्या रानात बसतोय ते त्यालाच ठाव."

"कुणाला विचारून पाठवलीत हो?" मी ओरडलेच.

मामा हळू म्हणाले, "तुझी मान खाली जाऊ नये म्हणून केलं, बाय. काय चुकलं का?"

सत्यम समोर उभा राहून काय झालं, काय झालं विचारत होता. मला रडू फुटलं. फोन तोंडापासून जरा लांब धरला, डोळे पुसले.

"नाय मामा," मी म्हणाले. "बरं केलंत."