टँकरचं पाणी कोंबड्यांना

मृण्मयीचं सगळं संशोधन अंड्याच्या कवचात मावत होतं. अंड्यातल्या पिलाच्या डोळ्यामागचा पडदा कसा घडतो, यावर तिची पीएच.डी. चाललेली. पडद्यातल्या पेशी एकमेकींना धरून थरावर थर रचतात. ती पकड ज्या जनुकाच्या हुकमाने तयार होते, ते जनुक कितपत जागं आहे, एवढंच ती बघायची. जागं असलं की चाचणीच्या पट्टीवर ठसठशीत रेघ उमटायची, झोपलेलं असलं की फिकी.

२०१६ च्या फाल्गुनात सगळ्याच रेघा फिक्या आल्या. चिमटा लागताच पडद्यांचे पापुद्रे सुटायला लागले. अंडी चिकलठाण्यापुढच्या वस्तीवर कोंबड्या पाळणाऱ्या आशाबाईंकडची. चौकशी केली तेव्हा कळलं, विहीर आटलेली, कोंबड्या शेजारच्या नव्या प्लॉटिंगमधल्या खोल बोअरचं पाणी पितात. मृण्मयीने घाईघाईत फोनवर सांगितलं, "आशाबाई, कोंबड्यांना टँकरचंच पाणी द्या. बोअरचं अंड्यातल्या पिलाला बाधतंय." एवढंच. शिकल्यासवरल्या माणसांना अर्धं बोलून फोन ठेवायची भारी हौस! पाणी तपासायला द्यायचंही राहूनच गेलं. प्रबंधाची तारीख डोक्यावर होती ना.

वैशाखात रेघा अशा ठसठशीत आल्या, की आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन. मृण्मयीचा जीव भांड्यात पडला. पेढ्यांचा पुडा घेऊन ती स्कूटीवरून थेट वस्तीवर गेली.

आशाबाई हरखल्या. "तुमचा शब्द खाली पडू दिला नाय बघा, ताई. टँकरवाला दोनच ड्रम देतो, ते सगळं कोंबड्यांनाच लागतं."

"मग घरात?"

"आमी पितोत की बोअरचं! आधी आमाला टँकरचं व्हतं आन् कोंबड्यांना बोअरचं. आता उलटं केलं. आमाला काय व्हतंय, आमी का अंड्यात हावोत?"

तेवढ्यात त्यांची सून सोनिया तांब्या घेऊन बाहेर आली. पदराखालचं पोट आता लपत नव्हतं.

"हे टँकरचं हाय, ताई. पाव्हण्याला बोअरचं कसं द्यावं?" असं म्हणत तिने स्वतःसाठी माठातून पेला भरला.

"कितवा?" मृण्मयीने विचारलं.

"पाचवा लागला."

मोजायला बोटं लागली नाहीत. फोन केला तेव्हा तिसरा होता. माणसाच्या लेकराच्या डोळ्यातले थर याच दिवसांत रचले जातात.

"पिऊ नको ते!" मृण्मयीने सोनियाच्या पेल्यावर हात मारला.

पाणी अंगणात सांडलं तशा कोंबड्या धावत आल्या. "हुश्, हुश्! बोअरचं हाय ते!" आशाबाईंनी सवयीनं त्यांना हाकललं. मग त्यांचा हात तसाच थांबला. त्या सुनेच्या पोटाकडे बघत राहिल्या.

"ताई," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे पाणी लेकराला बाधतं, हे तुमाला कवा कळलं?"

पेढ्यांचा पुडा अजून मृण्मयीच्याच हातात होता.

"फाल्गुनात," ती म्हणाली.