दुपारचा पहारा

सप्ताहातली वीणा एकदा गळ्यात आली की ती खाली ठेवायची नाही आणि कुणाशी बोलायचं नाही. पुढचं माणूस येऊन ती घेईपर्यंत देवासमोर उभं राहायचं. जयमालेनं दुपारचा पहारा मागून घेतला तो त्यासाठीच. तेवढा वेळ तरी तिला कुणी हाक मारू शकणार नव्हतं.

सासऱ्यांना, धोंडीबांना, अर्धांगवायू झाल्यापासून हाका थांबल्याच नव्हत्या. गिळताना त्यांना ठसका लागायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाणीसुद्धा पातळ द्यायचं नाही. घट्ट करून, हनुवटी खाली झुकवून, चमच्याचमच्यानं पाजायचं. घास छातीत उतरला तर माणूस हातचा जाईल. तेव्हापासून त्यांच्या तोंडी जयमालेशिवाय कुणाचा चमचा लागला नव्हता.

आज नणंद हर्षाली चिंचवडहून आली होती.

"जा गं वहिनी. आबांना काही पाजत नाही, भरवत नाही, नुसती बसते. मग तर झालं?"

"उठून कुठं जाऊ नको."

"पायाला दोरी बांधून जा हवं तर!"

आणि आता विठ्ठलाचं सावळं रूप समोर होतं. बाहेर हायवेवर कंटेनर भोंगे वाजवत होते, आत बायका टाळावर संथ भजन म्हणत होत्या. तारेवर बोट फिरत होतं. जयमालेचे खांदे हळूहळू खाली आले. देवा, इतकंच हवं होतं रे, असं तिच्या मनात आलं, आणि तिची नजर दाराकडे गेली.

दारात हर्षाली उभी होती. डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून, प्रसन्न हसत.

मग आबांजवळ कोण?

खाटेशेजारी पाण्याचा तांब्या होता. धोंडीबांचा उजवा हात चालत होता. तहान लागली की ते कुणाची वाट बघत नसत.

जयमालेनं डोळे मोठे केले, मानेनं खूण केली. वहिनी भजनात रंगली, असं वाटून हर्षालीनं पुन्हा हात जोडले आणि ती बायकांच्या मागे जाऊन बसली.

वीणा घ्यायला कुणी आलं नव्हतं. भजन चढत गेलं. जयमालेचं बोट तारेवर अडखळलं. देवाची वीणा खाली कशी ठेवायची? आणि नाही ठेवली तर?

खांबाला टेकून बसलेल्या भागूबाईंनी तो चुकलेला झंकार ऐकला. जयमालेच्या तोंडाकडे बघितलं आणि गुडघ्यावर हात देऊन त्या उठल्या.

"दे हिकडं," म्हणत त्यांनी वीणा आपल्या गळ्यात घेतली.

"आजी, तुमचे गुडघे..."

"गुडघं माझं हायती. तू जा. देव कुटं पळून चाललाय व्हय?"

"वहिनी, अगं ऐक तरी!" हर्षाली मागून ओरडली. तोवर जयमाला चपला न घालता रस्त्यावर होती.

अंगणातच तिला ठसका ऐकू आला. कोरडा, छातीतून ओढून काढलेला. ती दार ढकलून आत घुसली.

धोंडीबा खाटेवर उशांना टेकून ताठ बसले होते. चेहरा लालबुंद झालेला. समोर तिचा नवरा गोरक्ष, कंपनीच्या कपड्यांतच, हातात वाटी-चमचा.

"अहो, द्या ती वाटी!"

"थांब." त्यानं तिच्याकडे बघितलंही नाही. चमचा खाली ठेवला, एका हातानं वडिलांना पुढं झुकवून धरलं. "आबा, सावकाश. घाई नाही. अजून एकदा खोका."

ती श्वास रोखून उभी राहिली. धोंडीबा खोकले, पुन्हा खोकले. मग मोकळा श्वास आला. गोरक्षनं त्यांची हनुवटी बोटानं खाली केली आणि अर्धाच चमचा पुढं नेला. धोंडीबांनी तो गिळला.

"ओव्हरटाइमला नाही म्हणालो आज. हर्षूला म्हटलं, तू पण जा, ऐक भजन."

"तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"रोज बघतोय की. तू कधी हात लावू दिलास?"

तिचे हात अजूनही वाटीकडेच ओढ घेत होते. ती चौकटीला टेकून उंबऱ्यावर बसली आणि ते तिनं मांडीखाली दाबले. पुढचा चमचा नीट गेला. त्याच्या पुढचा तिनं पाहिला नाही, तिचा डोळा लागला होता.